माटवीतली टोपी
आंब्याच्या पेट्यांवर मार्करने नावं घालताना त्या शाईचा उग्र वास नाकात गेला, की मला माझ्या मावसभावाची पांढरी टोपी आठवते. मालवणच्या जेटीवर तो होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. एका नामांकित रेसिंग ड्रायव्हरची कात्रणं आणि पोस्टर्स त्याने वर्षानुवर्षं जमवली होती. फक्त सही तेवढी नव्हती. तेव्हा मी आखातात नोकरीला होतो आणि तो ड्रायव्हर तिथे शर्यतीला यायचा, म्हणून त्याने टोपी माझ्याकडे दिली. मला उन्हात रांगेत उभं राहायचा कंटाळा आला. गावी येताना विमानतळाच्या वाटेवर टॅक्सीत मीच मार्करने टोपीवर सही ठोकली. त्या चतुर्थीला गणपतीवर फळं टांगायच्या माटवीत, नारळ-काकड्यांच्या मधोमध, त्याने ती टोपी लावली. आरतीला जमलेले लोक माझ्याकडे न बघता भावाकडून त्या ड्रायव्हरच्याच गोष्टी ऐकत होते, ते मला सोसेना. "तू खराच भेटलंस काय रे तेका?" कोणीतरी मला विचारलं. "कसलो ड्रायव्हर? सही माझीच ती," मी हसत म्हणालो. शेजारचा म्हातारा भावाला म्हणाला, "मगे ह्येच्या पायां पड, ह्योच तुझो ड्रायव्हर." सगळे पोट धरून हसले. भाऊ मान खाली घालून प्रसाद वाटत राहिला. विसर्जनाला त्याने निर्माल्याबरोबर टोपी समुद्रात सोडली आणि मला एवढंच म्हणाला, "टोपी कोरीच परत हाडली असतंस तरी चलला असता रे." दर हंगामात मी पहिल्या पेटीवर त्याचं नाव घालून पाठवतो, आणि दर हंगामात ती न उघडता परत येते.