जाऊबाईंना लालबाग दाखवताना

कन्नड मुलखात, बसवनगुडीला राहायला आल्यापासून पाहुण्यांना तिथली लालबाग दाखवणं माझ्याकडेच आलं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मे महिना लागला, की पुण्याहून, नागपूरहून कुणी ना कुणी यायचं. हे सरकारी कारखान्यात इंजिनिअर. "तू आणतेस ना दाखवून?" म्हणायचे आणि डबा घेऊन निघून जायचे. मग काचघर, फुलांचं घड्याळ, तळं, शेवटी खडक, अशी तीच फेरी. पुढे पुढे मी काय बोलतेय ते मलाच ऐकू येईनासं झालं होतं.

एका वर्षी नागपूरहून थोरल्या जाऊबाई आल्या. तिथल्या भरल्या घराचा स्वयंपाक त्यांनी लग्न झाल्यापासून ओढला होता. मुलाचं लग्न नुकतंच उरकलं होतं, म्हणून मोठ्या दिरांनी त्यांना हवापालटासाठी पाठवलं. पण आमच्याकडेही त्या माझ्या आधी उठून कणीक मळायच्या. नको म्हटलं तरी ऐकायच्या नाहीत.

आम्ही लालबागेत गेलो त्या सकाळी नळाला पाणी उशिरा आलं होतं. बादल्या उचलून माझी कंबर धरली होती. तरी रिक्षा केली. आत शिरल्यावर मी सवयीनं सुरू झाले. त्या मान हलवत होत्या. सावरीच्या जुन्या, अवाढव्य झाडापाशी त्यांनी माझा हात धरला.

"राग मानू नकोस," त्या म्हणाल्या, "मला काही बघायचं नाही गं. नुसतं बसायचंय."

"मलाही दाखवायचं नाहीये, वहिनी," मी म्हटलं.

बाकावर बसून त्यांनी चपला काढल्या. पाय सुजले होते. बघता बघता त्यांची मान मागे कलली आणि डोळा लागला. फिरायला आलेल्या एका आजींनी कन्नडमध्ये विचारलं, अक्का आजारी आहेत का? "स्वल्प सुस्तु," मी म्हटलं, थोड्या दमल्यात. "सरी," म्हणून त्या पुढे गेल्या. मी जाऊबाईंची पर्स मांडीवर धरून बसून राहिले. मला त्यांच्या झोपेचा हेवा वाटत होता.

ऊन तोंडावर आलं तेव्हा त्या जाग्या झाल्या.

"सून आली, आता आराम करा, असं सगळे म्हणतात," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणजे आता तिनं ओढायचं, एवढंच ना?"

मी वाकून त्यांच्या चपला पायांशी सरकवल्या.

संध्याकाळी ह्यांनी विचारलं, वहिनी, काय आवडलं? "सगळंच," म्हणून त्या उठल्या आणि कुकर लावायला आत गेल्या. त्यांना अडवायचं माझ्या मनात आलं, पण मला खुर्चीवरून उठवेना.