डिलाईल रोडवरची ग्रीक पोथी

गेल्या श्रावणात मी बाबांना एक ग्रीक महाकाव्य वाचून दाखवले. बाबा गिरणीतले विणकर. काचबिंदूने त्यांची दृष्टी नेली, तेव्हापासून कॉलेजातला शेवटचा तास संपला की मी रोज संध्याकाळी डिलाईल रोडवरच्या चाळीत त्यांच्याकडे जाते. एकदा त्यांनी विचारले, "सध्या पोरांना काय शिकवतेस गो?"

"युद्धाचं काव्य. एका वीराच्या रागाचं. फार जुनं, ग्रीकांचं."

"मग वाच की."

हातात इंग्रजी भाषांतर. ओळ डोळ्यांनी इंग्रजीत टिपायची आणि ओठांवर येईतो तिची मराठी करायची. पहिल्याच दिवशी बाबांनी मला खाटेवरून उठवले. श्रावणात एवढी मोठी कथा वाचायची तर गॅलरीत पाट मांडून, समई लावून, पोथीसारखी. आणि एकदा हाती घेतली की समाप्तीपर्यंत सोडायची नाही. शेजारच्या काकूंनी पुस्तकावर तगरीचे फूल वाहिले.

"कुठल्या देवाची गो ही?"

"देव पुष्कळ आहेत, काकू. पण सगळे आपसांत भांडतात."

"मग चाळीतलेच असतील," म्हणत त्या भिंतीला टेकून बसल्या.

सेनापती राजा त्या वीराच्या मानाचा वाटा सगळ्यांदेखत काढून घेतो आणि वीर लढाई सोडून समुद्रकाठच्या आपल्या छावणीत जाऊन बसतो, इथवर आले तोच बाबांचा आवाज कडाडला: "संपावर गेला! बरोबर केलं त्यानं!"

इतकी वर्षे मी वर्गात त्या क्रोधाची मीमांसा करत आले. बाबांनी ती एका वाक्यात संपवली. मला मात्र हरल्यासारखे वाटले नाही. वाटले, हा माझा बाप आहे हे दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहावे.

गॅलरीच्या टोकाला एक काका राहतात. बाबांच्याच खात्यातले, शेजारच्या साच्यावर, म्हणजे मागावर, विणणारे. गिरण्यांचा मोठा संप लांबला, घरात मूल तापाने फणफणले, तेव्हा ते पोलीस पहाऱ्यात गिरणीत परत गेले. त्या दिवसापासून बाबा त्यांच्याशी एक शब्द बोललेले नाहीत. चाळीस वर्षे; एकच नळ, एकच जिना. काका वाचनाला येत नसत. आपल्या दारात स्टूल टाकून, पाठ अर्धी वळवून बसत. वाऱ्यावर चुना-तंबाखूचा कडवट वास आला की बाबांची मान किंचित तिकडे वळे, आणि मग ते मला म्हणत, "जरा मोठ्यानं वाच."

वीराच्या रागापायी त्याचाच जिवलग मित्र मारला गेला, त्या संध्याकाळी बाबा जागचे उठले नाहीत. समईतले तेल संपेपर्यंत, वात चरचरून विझेपर्यंत तसेच बसून राहिले.

समाप्तीला मी शिरा केला. शत्रूचा म्हातारा राजा एकटा त्या वीराच्या छावणीत येतो, मित्राचा सूड म्हणून ज्या हातांनी आपला मुलगा मारला त्या हातांवर ओठ टेकवतो, मुलाचे प्रेत मागतो. दोघे आपापल्या माणसांसाठी रडतात आणि मग एकत्र जेवायला बसतात. त्या दिवशी मला एकही मराठी शब्द शोधावा लागला नाही. काकूंच्या बांगड्यासुद्धा वाजल्या नाहीत.

मग प्रसाद. आमच्याकडचा नियम असा, की पोथी ज्याच्या कानांवर पडली त्याला प्रसाद द्यायचाच, आणि तो यजमानाने आपल्या हाताने. एक जरी ऐकणारा वगळला तरी वाचन फुकट. सगळ्यांचे झाले. एक द्रोण उरला, तुपाने ओलसर, अजून ऊन, बाबांच्या तळहातावर. महिनाभराची माझी सारी मराठी त्या द्रोणावर टांगलेली होती.

त्यांनी दुसरा हात माझ्या खांद्यावर ठेवला. "चल."

आम्ही टोकापर्यंत चालत गेलो. तंबाखूचा वास जवळ आला तसे ते थांबले.

"पोथी ऐकलीस ना रे? मग घे."

काकांनी दोन्ही हात पुढे केले. एक घास घेतला, सावकाश चघळला. "साखर कमी पडली."

"चाळीस वर्षांनी तोंड उघडलंस, ते साखरेसाठी?"

मागे काकूंना हसू आवरेना. काका उंबऱ्यावर बसले आणि त्यांनी स्टूल बाबांच्या पायांशी सरकवले. चाचपडत त्यावर बसता बसता बाबा म्हणाले, "माझ्या पोरीनं वाचली. पुस्तक इंग्रजी, आणि तोंडातून सगळी मराठी. ऐकलंस?"

"रोज ऐकत होतो," काका म्हणाले.