कुत्रीच्या हिरड्या

आमच्या कुत्रीच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या तेव्हा मी तिला माझ्याच रक्तवाढीच्या लाल गोळ्या दिल्या. आमच्याकडे रक्त कमी म्हटलं की याच गोळ्या. तिने त्या ओकल्या आणि अंगणात आडवी झाली.

नवेगाव बांधहून तिला गोंदियाला नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं. "बाईजी, खून बनाने का हुकुम किडनी देती है. इसकी किडनी अब हुकुम नहीं दे रही." मग तो हुकूम इंजेक्शनाने द्यायचा. आठवड्यातून तीनदा, कातडीखाली. बाटली फ्रिजमध्ये ठेवायची, पण गोठू द्यायची नाही. किडनी बरी होणार नाही, हेही त्यांनी सांगितलं.

कुत्री नवऱ्याची. धानाच्या बांध्यांत दिवसभर त्याच्या मागे असायची. पण सुई दिसली की तो भिंतीकडे तोंड करतो. त्यामुळे सोमवार, बुधवार, शुक्रवार माझ्या गळ्यात पडले. लाइट गेली की बाटली थर्मासमध्ये, आणि मी घरात.

त्यातच बोदलकसा गावच्या माझ्या थोरल्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. ती एकटी राहते. आठ दिवस ये म्हणाली.

"बाई, नाही जमत. इंजेक्शन आहे."

"कोणाले?"

"कुत्रीले."

ती हसत सुटली. "म्हणजे आता माह्या डोळ्याले तुह्या कुत्रीची परवानगी लागते!" पण ऑपरेशन तिने पुढे ढकललं.

महिन्याभरात कुत्रीचं रक्त वाढलं. डॉक्टर म्हणाले, आता फक्त सोमवारी. मी बहिणीला मंगळवार सांगितला, पिशवी भरली. रविवारी कुत्रीने खाणं सोडलं. तोंडाला घाण वास, उलट्या. सोमवारी पुन्हा गोंदिया. रक्त ठीक होतं, पण किडनीचा आकडा दुप्पट झाला होता. "क्या खिलाया?" मी म्हणाले, तुम्ही सांगितलं तेच.

घरी सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मी विचारलं. त्यांनी लपवलं नाही.

"कलेजी देऊन राहिली होती. कलेजीनं रक्त वाढते. बाळंतपणात तुले नाही चारली?"

"तिची किडनी गेली आहे. तिले कलेजी विषासारखी."

"मंग मले काऊन नाही सांगितलं वं? इथं कोणी काही सांगते काय मले?"

सांगितलं नव्हतं, हे खरं. काय द्यायचं, काय नाही याचा डॉक्टरांचा कागद मी फ्रिजवर चिकटवला आणि काम झालं असं धरून चालले. सासूबाईंना वाचता येत नाही. हे मला लग्न झाल्यापासून माहीत आहे.

आता रोज कातडीखाली सलाईन. दोन आठवडे तरी, पुढचं नंतर बघू, असं डॉक्टर म्हणाले. नवरा बाटली उंच धरतो, तोंड भिंतीकडेच. सुई मीच टोचते.

येणं जमणार नाही, हे मी बहिणीला सोमवारीच कळवलं होतं. मंगळवारी तिचा फोन आला. शेजारीण सोबत येते म्हणाली, ती दवाखान्यात निघाली होती. यावेळी ती हसली नाही. "तू राहू दे," एवढंच म्हणाली.

फोन ठेवून मी कुत्रीचा ओठ वर करून पाहिला. हिरड्या चांगल्या गुलाबी होत्या. मनात आलं, पांढऱ्याच राहिल्या असत्या तर एव्हाना सगळं आटोपलं असतं आणि मी बोदलकशाला असते. कुत्रीने माझा हात चाटला. मी हात धुतला आणि सलाईन कोमट करायला पाणी ठेवलं.