झुलालची जीभ

झुलालमध्ये वर्णन करण्यासारखं काही नव्हतं, आणि नेमकं तेच मला सहन होत नसे. बुटका, काळसर, डाव्या डोळ्याची पापणी जराशी खाली ओघळलेली. सदरे दोन, त्यातला एक माझा जुना. बेटावद स्टेशनापासून दोन कोसांवर आमचं गाव. त्याचा बाप वना आमच्या घरी सालदार होता, म्हणजे वर्षाच्या बोलीवर आमच्या शेतात राबणारा गडी. मॅट्रिकला झुलालला माझ्यापेक्षा जास्त गुण पडले. वडिलांनी पेढे वाटले ते माझ्या नावानं, आणि सेहेचाळीस सालच्या जूनमध्ये दोघांना एकाच गाडीनं अमळनेरच्या कॉलेजात पाठवलं. मला शिकायला, त्याला माझ्या सोबतीला.

सोबत फार दिवस टिकली नाही. मी खोली घेतली. झुलाल एका जिनिंगच्या रिकाम्या गोदामात झोपू लागला. त्याची फी नादारीत माफ झाली होती. संध्याकाळी एका बोर्डिंगात मुलांना वाढून तो तिथेच जेवे. सकाळचं त्याचं तो बघे. बहुतेक वेळा सकाळचं काही नसेच.

कॉलेज सात ते दहा. सुटलं की आम्ही सगळे रहीमचाचाच्या हॉटेलाकडे पळत सुटायचो. हॉटेल म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली, पाच बाकं आणि दाराशीच चूल. एका आण्यात वाटीभर शेव, वर लालभडक रस्सा, बाजूला ठेचलेला कांदा. शेव एकदाच मिळे, रस्सा मागाल तितक्यांदा. भाकरी ज्याची त्याची. सकाळच्या गाडीनं गावोगावहून फडक्यात बांधलेल्या भाकरी येत, आम्ही ती गाठोडी तिथे सोडत असू. चहाची वेळ टळून गेलेली, जेवणाची अजून झालेली नाही, आणि आमच्या मुलखात शेतावरची न्याहारी नेमकी याच वेळी होते. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी रस्स्यात कुस्करून, बोटं पोळत, नाक पुसत आम्ही खायचो. कॉलेजातलं मला आता फारसं आठवत नाही. ती चव आठवते.

झुलालही येई. त्याची आई एखाद्या दिवशी दोन भाकरी पाठवी. वनाच त्या माझ्या गाठोड्याबरोबर बेटावदला गाडीत चढवून देई. रस्स्याचा आणा झुलालकडे नसे. शेवटच्या बाकावर बसून तो कांद्याशी भाकरी खाई. तोताराम नावाचा आमच्यातला एक वाचाळ पोरगा होता. तो आपल्या वाटीतलं थोडं झुलालच्या भाकरीवर ओते. मला ते कधी सुचलं नाही, असं नाही. सुचलं होतं.

जुलैच्या अखेरीस रमजान लागला आणि चाचानं दारावर गोणपाटाचा पडदा टाकला. आतल्यांनी खुशाल खावं, पण रस्त्यानं जाणाऱ्या रोजेदाराच्या ते नजरेस पडू नये, एवढ्यासाठी. तो स्वतः पहाटेपासून पाण्याचा थेंबही न घेता चुलीपुढे उभा राहून चाळीस माणसांचा रस्सा करी. अडचण एकच होती. एरवी तो तळहातावर थेंब घेऊन मीठ बघायचा. आता जिभेला काही लावणं त्याला मान्य नव्हतं.

पहिल्या दिवशी त्यानं आम्हाला विचारलं, "नमक कैसा है रे?"

"झकास!" तोताराम म्हणाला.

"एकदम बरोबर," मी म्हणालो.

शेवटच्या बाकावरून झुलाल हळूच बोलला, "मीठ कमी शे, चाचा. आन् आज पानी दुसरं शे. मचूळ लागस."

चाचाचा डाव हवेतच थांबला. नेहमीची विहीर त्या दिवशी उपसायला काढली होती. पाणी मशिदीमागच्या विहिरीचं होतं, आणि हे त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

"इधर आ," चाचा म्हणाला. "ये बाकी सब झूठे हैं. कल से पहला चमचा तू चखेगा. और खाना मेरी तरफ से, रोटी समेत."

"महिनाभर?" तोतारामनं विचारलं.

"रमजान में जबान सच्ची निकली, तो ईद के बाद भी. साल भर."

झुलालच्या दृष्टीनं याचा अर्थ काय होता, ते आम्हाला सगळ्यांना कळत होतं. सकाळचं पोटभर अन्न मिळालं तर तो कॉलेजात टिकणार होता. नाही मिळालं तर दिवाळीच्या आत गावी जाऊन आमच्याच बैलांच्या मागे चालणार होता.

दुसऱ्या दिवसापासून एक रीतच पडली. आम्ही भाकरी मोडून बसून राहायचो. चाचा डावाच्या टोकावर थोडा रस्सा घेऊन झुलालपुढे धरी. झुलाल तो तळहातावर घेई, ओठाला लावी, मग वर पत्र्याकडे बघत गप्प राही. सगळं हॉटेल त्या गप्पपणात अडकलेलं असे. तेवढ्यापुरतं रस्त्यावरच्या बैलगाडीचं चाकही ऐकू येई. मग तो म्हणे, "चिमूटभर टाका," किंवा नुसतंच, "हां." की लगेच बाकं वाजत, वाट्या आदळत.

"पाटलाच्या पोरा, वाट पाहा," तोताराम मला कोपरानं ढोसून म्हणे. "सालदाराच्या पोरानं हो म्हटल्याशिवाय इथे कुणाच्या बापाला मिळत नाही."

सगळे हसत. मीही हसे. हसता हसता हातातली भाकरी आणखी बारीक मोडी.

मला त्याचं अन्न नको होतं. माझ्या गाठोड्यात तूप लावलेल्या भाकरी असत. हेवा होता तो त्या दोन क्षणांच्या गप्पपणाचा. तोवर मला कुणी काही विचारलंच नव्हतं. कपडे, पैसे, सल्ले, सगळं मला दिलं जाई आणि मी ते घेई. इथे चाळीस माणसं एका माणसाच्या जिभेकडे बघत थांबत होती, आणि तो माणूस माझा टाकलेला सदरा घालून बसला होता. गावात तो मला कौतिकभाऊ म्हणे. एक दिवस मी पडदा सारून आत शिरलो, तर आतूनच ओरडला, "कौतिक, बस पटकन! आज जमी गयं शे!" भाऊ गळून पडला होता, आणि ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. ते लक्षात येऊन मुद्दाम गाळलं असतं, तर मला कमी लागलं असतं.

मी खोलीवर एकटा असताना मीठ चाखून बघू लागलो. पाण्यात चिमूटभर, मग दीड चिमूट. फरक कळत नसे. जीभ बाहेर काढून आरशात पाहिली. गुलाबी, निरोगी, निरुपयोगी.

रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात झुलालला थंडीताप आला. त्यानं तीन दिवस सरकारी दवाखान्यातलं कोयनेल घेतलं आणि चौथ्या दिवशी पिवळ्या चेहऱ्यानं हॉटेलात हजर झाला. चाचानं डाव पुढे केला. झुलालनं चाखलं. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ वर बघितलं. मग म्हणाला, "हां."

चाचा शेवेचा डबा आणायला मागे गेला. त्या दिवशी आम्ही दोघं लवकर आलो होतो, पोरं अजून यायची होती. चुलीशेजारी मिठाची बरणी होती आणि तिच्याशेजारी मी होतो. झुलाल पाठमोरा बाकं पुसत होता. मी बरणीत हात घातला. मूठ भरली. पातेल्यावर उघडली. दुसरी भरली, तीही उघडली. डावानं एकदा ढवळलं. एवढं सगळं करताना मी शांत होतो. माझा हात जणू दुसऱ्या कुणाच्या अंगाला लागून आलेला होता.

पहिला घास तोतारामनं थुंकला. "थू! अरे, समुद्र आहे का हा?"

वाट्या खाली ठेवल्याचा आवाज बाकाबाकावरून येत गेला. चाचा एकेकाचं तोंड बघत उभा राहिला. त्याला स्वतःला चाखून बघता येत नव्हतं. तो झुलालकडे वळला. झुलालनं पुन्हा तळहातावर थेंब घेतला, ओठाला लावला, आणि त्याचा चेहरा उतरत गेला.

"तू ने हां बोला था," चाचा म्हणाला. आवाजात राग नव्हता.

"बोलनू व्हतू." झुलालनं तळहात सदऱ्याला पुसला. "माले बरोबर लागनं, चाचा. कोयनेलनी मनी जीभ मारी टाकी."

"बुखार में जबान का क्या भरोसा. बैठ, रोटी खा ले."

"नही. कामनं खात व्हतू. आते काम नही."

चाचानं त्याचा हात धरला. त्यानं हळूच सोडवून घेतला आणि पडदा सारून बाहेर गेला. पातेलं मागच्या गटारात रिकामं झालं. चाचाचा एका दिवसाचा धंदा गेला. पातेलं त्यानं घासून पालथं घातलं. मला म्हणाला, "कौतिक, कल से तू चख."

मला हवं होतं ते असं माझ्याकडे चालत आलं.

मी पाच दिवस चाखलं. झुलालसारखाच थेंब तळहातावर घेतला, वर पत्र्याकडे पाहिलं. पत्र्याला दोन भोकं होती, त्यातून ऊन येत होतं. जिभेवर काहीतरी गरम होतं, तिखट होतं. मीठ कमी की जास्त, देव जाणे. "ठीक," मी म्हणायचो. पाचही दिवस ठीक. त्या गप्पपणासाठी मी हे केलं होतं, आणि तो गप्पपणा आलाच नाही. मी चाखत असताना पोरं बोलत राहिली. "चाख, चाख, सावकाश चाख," तोताराम म्हणाला, "चाचा, इकडे मिठाचा एक खडा देऊन ठेव, आमचं आम्ही बघू."

सहाव्या दिवशी वना अमळनेरला आला. झुलालला पुन्हा ताप भरला होता. बोर्डिंगात वाढताना चक्कर येऊन तो भातासकट पडला, तेव्हा तिथल्यांनी निरोप धाडला. शेवटचा तास बुडवून मी स्टेशनवर गेलो ते वनाकडे वडिलांसाठी चिठ्ठी द्यायला. बापलेक फलाटावर एका लोखंडी पेटीवर बसले होते. सुरतेकडच्या पॅसेंजरला अवकाश होता.

मला पाहून वना उठून उभा राहिला. "भाऊ, लई उपकार व्हयनात तुमना. पोऱ्यानं मनच उडी गयं. मालक बोलनात, आन त्याले, बैलं सांभाळी."

झुलालच्या हातात आईनं पाठवलेली भाकरी होती. तो ती माती चावावी तशी चावत होता.

"माले चवच समजत नही आते," तो म्हणाला. माझ्याशी नव्हे, बापाशी. "आधी वाटे, बठ्ठा लोकसमोर आते हां कसं सांगू. आते वाटस, आधी जे सांगं तेबी खोटंच व्हतं का काय. नशिबानं जमी जात व्हतं."

ते ऐकल्यावर मी बोललो. चांगुलपणा आठवला म्हणून नाही. मी जे त्याच्याकडून काढून घेतलं होतं, ते माझ्या काही कामाचं नव्हतं, आणि त्याच्याकडेही उरलं नव्हतं. हे मला बघवेना.

"मीठ मी टाकलं होतं," मी म्हणालो. "तू हां म्हणालास त्याच्यानंतर. दोन मुठी."

वना मान घालून पेटीवर बसला, जणू मीठ त्यानंच टाकलं होतं. झुलालनं चावणं थांबवलं. मी शिवीची वाट पाहिली. थोबाडीत मारली असती तर मी गाल पुढे केला असता. खरं तर त्याचीच तयारी करून बसलो होतो.

"मी हां बोलनू, तैं बरोबर व्हतं?"

"बरोबर होतं."

"तापमां बी?"

"हो."

तो उभा राहिला. तापानं सुकलेलं ते तोंड इतकं उजळलं की मला बाजूला बघावं लागलं. "आबा!" त्यानं बापाचा खांदा गदागदा हलवला. "मनी जीभ खरी व्हती! कोयनेल पिऊन बी खरी व्हती!" आणि भाकरी तशीच बापाच्या मांडीवर टाकून तो फलाटावरून पळत सुटला. फाटकाशी क्षणभर थांबला, तोही तोल सावरायला. रहीमचाचाच्या रस्त्याला वळला आणि दिसेनासा झाला. मी काय केलं होतं, का केलं होतं, यातलं त्यानं काही विचारलं नाही. त्याच्या त्या आनंदात माझ्यावर रागावण्याइतकीही जागा नव्हती.

मी वनाशेजारी पेटीवर बसलो. आमच्यापुढे तो आयुष्यात कधी बसला नव्हता. त्या दिवशी उठायचं त्याच्या ध्यानात आलं नाही.

गाडी आली. वनानं पेटी उचलली, पुन्हा खाली ठेवली, मग माझ्याकडे सरकवली. "त्यानी शे. त्याले दी द्या." डब्यात चढल्यावर तो खिडकीतून वाकला.

"मी मालकले सांगसू, पोऱ्या आठेच दवापानी करी ऱ्हायना. मीठनं काय बोलत नही मी. तुमी घाबरू नका, भाऊ."

गाडी हलली. पेटी उचलून मी गावात निघालो. ती मला वाटली होती त्याहून जड होती, पुस्तकांनी भरलेली. हॉटेलाशी आलो तेव्हा पडद्याआड पोरांची गडबड चालली होती. एकाएकी सगळे गप्प झाले. मी पडद्याबाहेर पेटी हातात धरून उभा राहिलो, आणि आत तो वर पत्र्याकडे बघत असेल, तेवढा वेळ मीही श्वास धरून थांबलो.

"हां," झुलाल म्हणाला.

पेटी दाराशी ठेवून मी खोलीवर गेलो.