घट्ट गियर घेऊन कोल्हापूरला

साताऱ्यात आमच्या दारातच पहिला गियर पडेना. जानेवारीतली सकाळ, शेजारच्या सीटवर स्वेटर-मफलरात आमचे हे, आणि फाटकापाशी लेक. त्याची नजर सगळी माझ्या डाव्या हातावर. दोन्ही हातांनी दांडी रेटली तेव्हा कुठे गाडी हलली.

आमची व्हॅन जुनी, मीही सदुसष्टची. वीस वर्षं मीच चालवते. ह्यांनी स्टिअरिंगला कधी बोट लावलं नाही. पावसाळ्यापासून गाडीखाली तेलाचे ठिपके पडू लागले, दिवाळीनंतर गियर घट्ट झाला. लेकाचं आपलं एकच, "आई, गाडीला काही झालेलं नाही. तुझ्या हातात जोर राहिला नाही. विकून टाकू." मीही चिडून बोलून बसले, "कोल्हापुरात बहिणीकडे चाललेच आहे, तिथे दाखवते. चूक माझी निघाली तर किल्ली तुझ्या हातात देईन!" बोलताना काय जातंय हो आपलं!

गंमत बघा, कराड येईपर्यंत तोच गियर सुतासारखा सरळ. पुढे उसाच्या ट्रॉल्यांच्या मागून कितीदा गियर बदलले, तक्रार नाही. दुपारी राजारामपुरीत बहिणीच्या दारात गाडी लावली आणि आधी खाली वर्तमानपत्र पसरलं. ही माझी दोन महिन्यांची सवय. चहापर्यंत त्यावर पुरीएवढा डाग. घरी गाडी नुसती उभी असली की पेपर जवळजवळ कोरडा असतो. लांब जाऊन आलं की असा. मी डागांचे पेपर घडी करून गाडीतच ठेवते. बहीण म्हणाली, "अगं, साड्या तरी एवढ्या जपून ठेवतेस का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कोडोलीला बहिणीच्या शेतावर जायचं होतं. कसलं कोडोली! दारातून दोन्ही हातांनी रेटून कशीबशी निघाले. राजारामपुरीतल्या सिग्नलला हिरवा दिवा लागला, पण पहिला पडेना. मागे रिक्षा, बस, सगळे हॉर्न. एक मोटारसायकलवाला खिडकीशी येऊन ओरडला, "ओ मावशी, गाडी झोपलीया व्हय?"

"तुम्ही उठवा की!" मी म्हटलं. तर खरंच तिघांनी ढकलून बाजूला लावून दिली. ओरडतात मोठ्यानं, पण हातही तेवढ्याच झटक्यात लावतात.

समोरच एक गॅरेज. तिथला माणूस थेट ह्यांच्याकडे गेला. "पावणं, गियर कवापासनं घट्ट हाय?"

"हिला विचारा."

"क्लच पुरता दाबताय न्हवं?"

"अहो, मी चालवतच नाही!"

मग त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि ह्यांनाच सांगितलं, "मग बरोबर. मावशी क्लच अर्धाच दाबत असत्यात. क्लचप्लेट गेली."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! दोन्ही हातांनी पहिला रेटून टाकला आणि तिथून निघाले. बहिणीनं समजूत म्हणून मिसळ खायला नेलं. इथे पावाऐवजी स्लाइस ब्रेड देतात आणि वरून कट (तिखट लाल रस्सा) मागाल तितका. डोळ्यांतून पाणी आलं ते मिसळीचं म्हणून खपलं. किल्ली पर्समध्ये होती, तिच्याकडेच सारखा हात जात होता.

हॉटेलवाल्यानं शिरोली एमआयडीसीतले दस्तगीर मिस्त्री सुचवले. लोखंड ओतणाऱ्या फाउंड्रीच्या मागे पत्र्याची शेड, जमिनीवर काळी वाळू. पांढऱ्या दाढीचे मिस्त्री स्टुलावर बसलेले. आधी काय विचारलं?

"गाडी कोण चालवतंय?"

"मी."

"मग पावणं, तुम्ही मागं बसा." आणि स्वतः माझ्या शेजारी येऊन बसले. "सांगा मावशी, कवा घट्ट, कवा सैल?"

दोन महिन्यांत हे कुणी विचारलंच नव्हतं! थंड असताना घट्ट, तासाभरानं सैल, लांब गेलं की डाग मोठा, सगळं सांगितलं, पेपर दाखवले. ते हसले, "ह्यो तर गाडीचा रिपोर्टच काढलाय की तुम्ही!"

तासभर गाडी थंड होऊ दिली. मग इंजिन बंद ठेवूनच त्यांनी गियर टाकायला लावला. तरी घट्ट. "इंजिन बंद असताना क्लचचं कामच न्हाई. तरी बी घट्ट, म्हंजे क्लच निर्दोष. तुमचा पाय बी निर्दोष." खाली जाऊन त्यांनी गियरबॉक्सचं तेल सोडलं. ते धार धरीना. "मावशी, हे तेल हाय का काकवी (उसाचा पातळ गूळ)? असलं थंडीत गोठतंय. कुणी घातलं?"

लेकानं! गळती थांबावी म्हणून दिवाळीत त्यानंच जाडं तेल घालून आणलं होतं. मी अशी खूश झाले म्हणून सांगू!

पण मिस्त्री परत खाली गेले. पत्र्यानं काहीतरी खरवडल्याचा आवाज. "हितं हवा जायची नळी असत्या. तेल तापलं की हवा फुगत्या, हितनं बाहेर जात्या. ही रंगानं बुजलीया. मग हवा जाणार कुठं? रबरी सील दाबून तेल बाहेर काढत्या. कुणी रंगवलं हे?"

मी डागांच्या पेपरांची उगाच घडी घालू लागले. मागून ह्यांचा आवाज, "सांग की आता."

पावसाळ्याआधी गंज लागू नये म्हणून मीच गाडीला खालून रंग लावून घेतला होता. रंगवणाऱ्याच्या डोक्यावर उभी राहून सांगितलं होतं, "दोन हात दे, बोटभरही जागा सोडू नकोस." त्यानं नाही सोडली.

नवं सील, नळी मोकळी, योग्य ते तेल. दुसऱ्या दिवशी कडाक्याच्या थंडीत पहिला गियर दोन बोटांनी पडला. कोल्हापूर ते सातारा मी मात्र खुशीत नव्हते. हे म्हणाले, "रंगाचं सांगू नकोस, झालं."

पण शब्द दिला होता. घरी पोचल्यावर लेकाला काकवीपासून रंगापर्यंत सगळं सांगितलं आणि किल्ली हातावर ठेवली. माझा हात थकला असता तर वाईट वाटलं असतं. माझी हुशारी नडली याचं जास्त लागलं. दुसऱ्याला 'नीट बघ' म्हणणारी मी, आणि एवढीशी नळी दिसली नाही.

तो गाडीत जाऊन बसला. एकदा गियर टाकला, काढला, परत टाकला. आत आला, किल्ली तिच्या नेहमीच्या खिळ्याला अडकवली.

"आई, सकाळी सहाला स्टँडवर सोडशील?"

"पावणेसहाला तयार राहा," मी म्हटलं. "मी थांबायची नाही."