पोटाकडून बघा, मॅडम

मामांना मिळालेला तो मेमो खरं तर माझा होता.

भानुदासमामा आज पहाटे गेले. आमच्या कॉलेजच्या झूलॉजी लॅबचे अटेंडंट. घनसावंगीहून एस.टी.नं यायचे. एका हातात डबा, आणि कधीमधी दुसऱ्या हातात बरणी.

बरणीत टॅरंटुला. तळहाताएवढा केसाळ कोळी.

असा कोळी दिसला की लोक चप्पल काढायचे. मामा वाटी उपडी घालायचे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. तेव्हा परवानगी वगैरे कुणी विचारायचं नाही. लॅबमध्ये अशा दोन माद्या होत्या. एक चिंचेच्या ढोलीत सापडलेली, दुसरी लाकडाच्या ट्रकमधून कुठून तरी लांबून आलेली. मामांनी त्यांना नावं दिली होती, थोरली आणि धाकटी. रविवारीसुद्धा त्यांच्यासाठी नाकतोडे घेऊन यायचे.

मी नवीन लेक्चरर. एम.एस्सी.ला फर्स्ट क्लास, त्यामुळे पाय जमिनीवर नव्हते.

पुस्तकातला फोटो समोर धरला. दोघींच्या पाठीवर तीच राखाडी नक्षी. दोन्ही बरण्यांवर एकाच प्रजातीचं लेबल लावलं आणि खाली ऐटीत माझं नाव टाकलं.

मामा म्हणाले, "मॅडम, ह्या दोघी एक न्हाईत. पोटाकडून बघा. थोरलीला आडवा गुलाबी पट्टा हाय. धाकटीला न्हाई."

त्या काचेवर चढलेल्या असताना बाहेरून काच पुसणारा माणूस तो. त्याला पोट रोज दिसायचं.

मी हसले. बघितलंच नाही.

मग तपासणी समिती येणार असं कळलं. पुस्तकात लिहिलं होतं की ही प्रजाती एका ढोलीत चार-पाच जणी मिळून राहते. मला वाटलं, दोन बरण्यांपेक्षा एक मोठी काचपेटी किती छान दिसेल. संध्याकाळी मामा एस.टी.ला गेल्यावर मी दोघींना एकाच पेटीत सोडलं.

सकाळी मामांनीच पाहिलं. थोरली कोपऱ्यात बसली होती. धाकटीचे नुसते पाय उरले होते.

प्रिन्सिपल सर चिडले. माझी नोकरी अजून पक्की झाली नव्हती. मी सांगून टाकलं की मामांनी बरण्यांची झाकणं नीट लावली नसावीत, म्हणून दोघी निसटून उघड्या पेटीत शिरल्या.

मामा तिथेच उभे होते. माझ्याकडे एकदा बघितलं आणि सरांनी दिलेल्या मेमोवर सही केली.

त्यानंतरही रोज सकाळी माझ्या टेबलावर पाण्याचा ग्लास भरून ठेवायचे. तेच जास्त लागायचं.

रिटायर झाले त्या दिवशी त्यांनी मला एक काडेपेटी दिली. आत कापसावर धाकटीची जुनी कात होती, ती मरण्याआधी टाकलेली. पाय दुमडून उलटी ठेवलेली, पोट वर.

"पोटाकडून ठेवलीय मॅडम. आता बघून मंग लेबल लिवा."

भिंगाखाली बघितलं. पट्टा नव्हता.

तेव्हा माफी मागायला हवी होती. मी "थँक यू मामा" म्हणाले. काडेपेटी ड्रॉवरमध्ये टाकली ती इतकी वर्षं तिथेच राहिली.

आज घरी भेटायला गेले तर त्यांचा मुलगा सांगत होता, "मॅडम, शेवटपर्यंत म्हणायचे, 'झाकण मी बराबर लावल्तं.' कशाचं झाकण, काय म्हाईत."

मला माहीत होतं. त्याला बाजूला नेऊन सगळं सांगितलं. तो म्हणाला, "हे त्यांना सांगायचं होतं."

हो. त्यांनाच सांगायचं होतं.

माझे कितीतरी विद्यार्थी इथे, या ग्रुपवर आहेत. त्यांनीही वाचावं म्हणून लिहितेय. झाकण मामांनी बरोबरच लावलं होतं.

घरी येऊन ती काडेपेटी काढली आणि धाकटीचं लेबल लिहिलं. नमुन्याच्या लेबलावर शेवटी एक ओळ असते, ही प्रजाती कुणी ओळखली त्याची. आमच्या लॅबमध्ये त्या ओळीत कायम माझंच नाव असायचं.

प्रजाती: वेगळी. नाव अजून शोधायचं आहे.
ओळखणारे: भानुदासमामा, लॅब अटेंडंट.

मामा, या वेळी पोटाकडून बघून लिहिलंय.

माफ करा. नमस्कार.