एका लॅपटॉपचे दोन जावई

आमचे साडू सासुरवाडीला आले की बैठकीत म्हणून बसत नसत. दारात चपला सोडायच्या, बसलेल्या माणसांना नुसता हात करायचा आणि थेट स्वयंपाकघर गाठायचं. तिथे जमिनीवर मांडी ठोकून पहिला प्रश्न ठरलेला, "मामी, कालची भाकर हाये का?" सासूबाई भाकर काढत, तिच्यावर तेल-तिखट घालत आणि हा गृहस्थ पुरणपोळीचं ताट समोर आल्यासारखा जेवायचा. मी त्या वेळी बैठकीतल्या खुर्चीवर चहाचा कप आणि बिस्किटांची बशी घेऊन थोरल्या जावयाचा मान सांभाळत असे. आतून हसण्याचे आवाज येत आणि माझा चहा कडू होई.

आमची सासुरवाडी पिंपळगाव राजाची. मी बुलडाण्याला बँकेत, धाकटे, म्हणजे हे साडू, जळगाव जामोदला शाळेत विज्ञान शिकवत. लग्न माझं आधीचं, हुद्दा माझा मोठा, म्हणजे मी कुठे कमी पडत होतो असं नाही. पण सासरे, म्हणजे आमचे मामाजी, मला "जवाईबापू, तुमी" म्हणत आणि त्याला "अरे पमोद, तू". बायको मला समजावायची की तुमचा मान मोठा आहे म्हणून. मला तो मान टोचायचा. ज्याला अरे म्हणतात त्याला घरातलं सगळं सांगतात, आणि मला त्या घरात कुणी काही सांगत नसे.

धाकट्याचं दुसरं खूळ म्हणजे विचारणं. "आधी इचारू, मंग पाहू," हे वाक्य त्याच्या तोंडात कायम. एका दिवाळीला मी सासूबाईंना बुलडाण्यातल्या सगळ्यात मोठ्या दुकानातून उंची साडी आणली. याने काय करावं? "मामी, काठ केवढा पेलवते तुमाले?" असं विचारून बारीक काठाचं सुती पातळ आणलं. सासूबाईंनी ते विटेपर्यंत नेसलं. माझ्या साडीची आठवण काढली की म्हणत, "लय भारी हाये जवाईबापू, जपून ठेवली." ती अजून कपाटात आहे, घडीसुद्धा मोडलेली नाही.

मामाजी भाजीपाल्याचे शेतकरी, पण त्यांचा जीव लिहिण्यात. वांगी, मेथी, पालक, कोथिंबीर यांवर ते खामगावच्या एका साप्ताहिकात दर आठवड्याला लिहीत आणि आपल्या जुन्या लॅपटॉपवरून घरबसल्या पाठवत. त्या लॅपटॉपवर विंडोज सेव्हन होतं. त्यात मराठी टायपिंगचा जो प्रोग्राम होता, तो पुढच्या विंडोजवर चालत नव्हता. मामाजींच्या बोटांत त्याच प्रोग्रामच्या कळा बसलेल्या. त्यामुळे लॅपटॉप बदलायचा नाही, विंडोज बदलायचं नाही, हा त्यांचा हट्ट. आणि मग एक दिवस त्या लॅपटॉपमधलं वायफायचं कार्ड गेलं. लेख तयार, पण घरातून जाईना.

तो धोंड्याचा महिना होता. दोन्ही जावयांना जेवायला बोलावलेलं. पाट शेजारी शेजारी, रांगोळी सारखीच. माझ्या ताटात तुपाची धार जरा लांब पडते का, हेसुद्धा मी पाहून ठेवलेलं. मामाजींनी कार्डाची गोष्ट काढली तेव्हा धाकटे म्हणाले, "पाह्यलं पाहिजे, या म्हाताऱ्या लॅपटॉपले कोणतं कार्ड पचते ते. आधी कोणाले तरी इचारतो." मी मनात म्हटलं, विचार तू. उठल्यावर मी पिशवीतून डबी काढली. बायकोकडून कुणकुण लागल्यामुळे मी आधीच बाजारातलं सगळ्यात नवं, सगळ्यात वेगवान कार्ड आणून ठेवलं होतं. यूएसबीला बाहेरून लावायचं, त्याला अँटेना, डबीवर चकचकीत अक्षरं. मी ते सगळ्यांसमोर लॅपटॉपच्या कुशीत खोचलं. लाल लाइट लागला.

"लाइट लागली म्हणजे झालंच," मी म्हणालो. "सुरू व्हायला थोडा वेळ घेते."

"हाव, लागली ना," मामाजी म्हणाले. मी धाकट्याकडे पाहिलं. तो लाइटकडे पाहत होता. त्या दिवशी एसटीने परत येताना इतका खूश जावई अख्ख्या जिल्ह्यात नसेल.

पुढे फोनवर मी विचारत असे, "काय मामाजी, कार्ड काय म्हणते?" आणि मामाजी म्हणत, "मस्त चालून राह्यलं जवाईबापू." साप्ताहिक आलं की मी बँकेत टेबलावर मामाजींचा लेख उघडून ठेवायचो आणि शेजारच्याला सांगायचो की हा माझ्या कार्डावरून गेलेला आहे. धाकट्याची भाकर, धाकट्याचं पातळ, सगळं एका पारड्यात आणि माझं कार्ड दुसऱ्या. मला वाटत होतं, माझं पारडं खाली आलं.

गेल्या हिवाळ्यात शाळेतच छातीत कळ आली आणि धाकटे गेले. मी खांदा दिला. मामाजी "अरे पमोद, अरे पमोद" म्हणत रडत होते. त्याही घडीला माझ्या मनात आलं की मी गेलो असतो तर त्यांना "अहो जवाईबापू" म्हणून रडावं लागलं असतं, आणि तसं काही कुणाला पोटातून रडता येत नाही.

यंदा पुन्हा धोंड्याचा महिना आला. अर्थात या वर्षी जेवणं नव्हती. बायको माहेरी चार दिवस आधी गेली होती, मी नुसता भेटायला म्हणून गेलो. मामाजी मळ्यात होते. लॅपटॉप टेबलावर चालू होता, कुशीत माझं कार्ड, त्यावर धुळीचा थर. पुसावं म्हणून मी ते उपसून काढलं. पुसता पुसता पडद्याकडे लक्ष गेलं. वायफाय चालूच होतं. कार्ड माझ्या हातात, आणि पडद्यावर नवी मेल येऊन पडली.

मी बायकोला हाक मारली. ती दारात आली, माझ्या हातात पाहिलं आणि पदराशी चाळा करत उभी राहिली.

"तुमचं ते चाललंच नाही," ती शेवटी म्हणाली. "नव्या विंडोजचं होतं म्हणे, या जुन्यासाठी त्याचं ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअरच निघत नाही. जावयाने हौसेने दिलेली वस्तू चालत नाही असं तोंडावर कसं सांगायचं? बाबा महिनाभर पेनड्राइव्ह खिशात घालून बसने खामगावला जात होते. प्रमोदरावांना आईने स्वयंपाकघरात सांगितलं. त्यांनी लॅपटॉप खालून खोलला, मेलेल्या कार्डावर काय लिहिलंय ते पाहिलं, कंपनीला हे मॉडेल कोणकोणती कार्डं घेतं ते विचारलं, त्याचं ड्रायव्हर मिळतं याची खात्री केली आणि मग त्याच वयाचं एक जुनं कार्ड आणून आत बसवलं. तेव्हापासून चालू आहे."

"आणि माझं?"

"बाबा काढत होते. प्रमोदरावच म्हणाले, राहू द्या मामाजी. थोरल्याची लाइट लागते तर लागू द्या, कायले मन मोडता."

मी कार्ड परत जागेवर खोचलं. लाल लाइट लागला. माणूस जाऊनही माझ्यापुढे कसा राहतो ते पाहा. त्याने मला हरवलं असतं तर मी भांडलो असतो. त्याने मला जिंकू दिलं, आणि ते सगळ्या घराला ठाऊक होतं, एक मला सोडून. मला त्याचा राग यायला हवा होता. आला तो हेवाच, पूर्वीपेक्षा जास्त.

मी उठलो आणि बैठक ओलांडून स्वयंपाकघरात गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. चपला दारात होत्या, मांडी घालून खाली बसलो. सासूबाई भाकरी थापत होत्या. त्या दचकल्या, डोक्यावरचा पदर सावरू लागल्या.

"मामी, कालची भाकर हाये का?" मी विचारलं.

त्यांचे हात परातीत थांबले. भाकर होती, टोपल्यात फडक्याखालून तिची कड मला दिसत होती. सासूबाईंनी तिकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग उठून पाट आणला, पाण्याचा तांब्या भरून ठेवला आणि तव्यावरची भाकर ताटात वाढली.

"तुमाले शिळी कशी देऊ, जवाईबापू?" त्या म्हणाल्या.

मी पाटावर बसलो. सासूबाईंनी वरून तूप सोडलं, धार चांगली लांब पडली. शेजारची जागा रिकामी होती, मापायला दुसरं ताट नव्हतं. मी ती गरम भाकर मुकाट्याने खाल्ली.